दीड तासाचं माहेर

मुडशिंगीच्या चौगुल्यांच्या गोठ्यावरून विमान गेलं तरी म्हशी आता मान वर करत नाहीत. सुरुवातीला करायच्या, दावं ताणायच्या, एखादी लाथ झाडायची. आता सवय झाली. निर्मलाला मात्र सवय झालेली नाही. ती हातातली चरवी खाली ठेवते, पदरानं कपाळ पुसते आणि विमान दिसेनासं होईस्तोवर त्याला शिव्या घालते. मोठ्यानं, नाव न घेता.

"आज कुणाला गं?" कुंपणापलीकडून अंबूबाई विचारते.

"त्या वरच्याला."

"देवाला?"

"देवानं काय केलंय माझं? त्येच्या खालच्याला."

गल्लीतल्या बायका हसतात. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनांना वाटतं, आवाजाचा त्रास होत असेल. आवाजाचा त्रास निर्मलाला कधीच झाला नाही. तिचा राग अंतराचा आहे.

निर्मला दहावी झालेली. मैल आणि किलोमीटर तिला चांगले कळतात. पण तिच्या जगण्यातलं माप वेगळं आहे. पहाटेची धार आणि संध्याकाळची धार या दोन्हींच्या मध्ये जे बसतं ते जवळ, जे बसत नाही ते लांब. जोतिबा जवळ. संकेश्वरच्या अलीकडचं तिचं माहेर जवळ. हुबळीला दिलेली तिची थोरली बहीण पूर्णिमा लांब, इतकी लांब की तिच्या वास्तुशांतीला निर्मला गेली नाही, फोनवर बहिणीचं रडणं ऐकलं आणि पेंड भिजवायला उठली. गोठ्यातल्या चारही म्हशी तिच्या हाताला लागलेल्या. नवऱ्याचा, भरमाप्पाचा, हात लागला की त्या दूध चढवतात आणि उभ्या राहतात दगडासारख्या. म्हणून लग्न झाल्यापासून, स्वतःचं एक बाळंतपण सोडलं, तर निर्मला एक रात्र बाहेर राहिली नव्हती. कुणी तिला कोंडलं नव्हतं. दार उघडंच होतं. फक्त संध्याकाळ व्हायच्या आत परतायचं होतं.

तिच्या माहेरी आणि सासरीही पोरी द्यायचं माप हेच. सकाळची धार काढून निघावं, लेकीच्या हातचं जेवावं, तिच्या सासूशी दोन शब्द बोलावेत, लेकीचा चेहरा नीट न्याहाळावा आणि सांजेच्या धारेला दावणीपाशी हजर व्हावं. त्याच्या पलीकडं पोरगी दिली म्हणजे दिलीच. मग ती कशी नांदते ते फोनवरच ऐकायचं, आणि फोनवर सगळ्याच पोरी सुखात असतात.

सौंदर्याला बंगळूरचं स्थळ आलं तेव्हा निर्मला म्हणूनच नाही म्हणाली. मुलगा चांगला होता, बसवेश, कंपनीत इंजिनिअर. मूळचे गडहिंग्लजकडचे, आपल्यातलेच लिंगायत. घरी फक्त आई. नाव ठेवायला जागा नव्हती. पण लांब.

"लांब?" बाळासो म्हणाला. बाळासो हा तिचा धाकटा दीर. शाहूपुरीत त्याचं रंगाचं दुकान आहे, अंगात कायम पांढरा शर्ट आणि त्याच्यावर रंगाचा एक ठिपका नाही. त्यानं फोन काढला, बोटानं दोनदा टिचकी मारली आणि बैठकीत सगळ्यांना दिसेल असा धरला. "हे बघा वैनी. कोल्हापूर ते बेंगलोर, इमानतळ ते इमानतळ. सव्वापाचशे किलोमीटर. दीड तास. आता सांगा, तुमच्या माह्यारला एस्टीनं किती लागतंय?"

"दोन तास," भरमाप्पा मध्येच म्हणाला.

"मग लांब कोण? सौंदर्याचं सासर का तुमचं माह्यार?"

बैठक हसली. मध्यस्थ हसला, जावेनं तोंडाला पदर लावला, पोह्यांच्या बशा वाजल्या. "सकाळची धार काढून जावा, जेवून या, सांजची धार काढा," बाळासो म्हणाला. "तुमच्याच कायद्यात बसतंय की हो!" तिचंच माप तिच्याच समोर, उलटं करून ठेवलेलं. निर्मला रिकाम्या बशा उचलून आत गेली. त्या दिवशी नुसत्या बशा उचलल्या, याचा राग तिला बाळासोवर आहे त्याहून जास्त स्वतःवर आहे.

लग्न झालं. सौंदर्या गेली. दीड वर्षात निर्मला एकदाही बंगळूरला गेली नाही, कारण तिकीट काढायचं म्हटलं की कधी विमान त्या वारी नसायचं, कधी दुपारऐवजी रात्री परतायचं. सौंदर्या दोनदा आली, दोन्ही वेळा रात्रभर बसनं, डोळे सुजवून. "इमानानं का आली न्हाईस?" भरमाप्पानं विचारलं. "परवडत नाही अप्पा रोज रोज," ती म्हणाली. दीड वर्षात दोनदा म्हणजे रोज रोज कसं, हे भरमाप्पानं विचारलं नाही.

मग सौंदर्याला दिवस गेले.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी निर्मला सांगत नाही. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नव्हतं. सातव्या महिन्यात आई तिला न्यायला आली तेव्हा गोठ्यातली मोठी म्हैस व्यायला झाली होती आणि सासू म्हणाली, एवढी म्हैस सुटू दे, मग न्या. म्हैस सुखरूप व्याली. रेडकू झालं, खरवस झाला, गल्लीभर वाटला. तोवर आठवा लागला, आणि आठव्यात पोटुशी बाईनं वेस ओलांडायची नाही. नवव्यात, गाडी मिळेपर्यंत, निर्मला याच घरातल्या मागच्या खोलीत बाळंत झाली. मुलगा होता. दुसऱ्या दिवशी गेला. त्या खोलीत आता पेंडीची पोती असतात. त्यानंतरच्या खेपेला ती कुणालाही न विचारता सातव्यात उठून माहेरी गेली आणि सौंदर्याला घेऊनच परत आली.

त्यामुळं सौंदर्याचं पहिलं बाळंतपण आपल्या घरी, आपल्या हाताखाली, हे तिनं ठरवलं नव्हतं. ठरवायचा प्रश्नच नव्हता. पाचव्यातच तिनं मागची दुसरी खोली सारवून पांढरी केली, शेक-शेगडी काढून ठेवली, डिंक आणि हळीव आणले. सातव्यात न्यायला येतो म्हणून निरोप धाडला.

बंगळूरहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सातव्या महिन्यातच निघालं होतं. घरात दुसरं बाईमाणूस नाही. "सौंदर्या गेली तर मला पाणी कोण देणार? नवव्यात न्या. दीड तास तर लागतो."

फोन स्पीकरवर होता. भरमाप्पानं तंबाखूची गुळणी धरलेली, त्यानं नुसती मान हलवली. बाळासो म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं."

"काय बरोबर हाय?" फोन ठेवल्यावर निर्मला म्हणाली. "पोटुशी पोरगी दुसऱ्याचा गुडघा शेकणार, आन् तिचं कोण करायचं? नवव्यात कुणी बाईला हलवतंय व्हय?"

"वैनी, बैलगाडीत घालून आणायची न्हाय तिला. खुर्चीवर बसायचं, खाली ढग बघायचं, उतरायचं. तुमच्या मुडशिंगीपास्नं शाहूपुरीपातोर रिक्षात जास्त दणकं बसत्यात."

"मी आत्ता जाऊन आणतो गाडी करून," असं भरमाप्पा म्हणाला असता, तर पुढचं काही झालं नसतं. तो गुळणी टाकायला बाहेर गेला.

सातवा गेला. आठव्यात बोलायचंच नव्हतं. नववा लागला तशी बाळासोनं तिकिटं काढली आणि बेतही त्यानंच आखला. निर्मलानं सकाळच्या विमानानं जायचं, बसवेश सौंदर्याला विमानतळावर घेऊन येईल, दुपारच्या विमानानं दोघींनी परत. सांजेला धार.

"आन् कुबसा?" निर्मलानं विचारलं. कुबसा म्हणजे तिच्याकडचं डोहाळजेवण. लेकीला न्यायला आलेल्या आईनं सासरच्या घरी, तिथल्या देवापुढं, हिरवी साडी नेसवून, हिरवा चुडा भरून ओटी भरायची, जंगमस्वामींचा आशीर्वाद घ्यायचा आणि मग लेकीला उंबरा ओलांडू द्यायचा.

"ओटी काय वैनी, कुठंबी भरता येतीया. इमानतळावर खुर्च्या हायत्या की. एसी हाय."

निर्मलानं त्याच्याकडं बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. हेच तिला जास्त लागलं.

त्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा आधी धार काढली. पिशवीत हिरवी इरकल, खण, बांगड्यांचा डबा, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याच्या वाट्या. वाट्या तिनं पारखून घेतल्या होत्या, डाग नसलेल्या. उजळाईवाडीच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून पिशवी गेली आणि वर्दीतल्या पोरीनं नेमक्या वाट्याच बाहेर काढल्या.

"मावशी, सुकं खोबरं न्यायला चालत नाही. पेट घेतं."

"ओटीचं हाय बाई ते."

"नियम आहे."

"चाळीस माणसं बसणार इमानात. त्यातली मी एकटी खोबऱ्यानं पेटवणार व्हय?"

पोरगी ओशाळं हसली, पण वाट्या बाजूला ठेवल्याच. निर्मला पुढं गेली. खोबऱ्याशिवाय ओटी. सुरुवातच अशी.

विमानात ती खिडकीपाशी होती. खाली उसाचे हिरवे तुकडे, पत्र्यांची चमक, मधूनच नदीची मळकी वळणं. तिनं आपला गोठा शोधला आणि तो सापडायच्या आत ढग आले. कान दडले, पण ती घाबरली नाही. खरं सांगायचं तर तिला क्षणभर आवडलं. विमान दीड तासात उतरलं. फोन खोटं बोलला नव्हता.

बाहेर, जाणाऱ्या प्रवाशांच्या दारापाशी सौंदर्या एका लोखंडी खुर्चीवर बसली होती. चेहरा ओढलेला, पाय चपलेत मावत नव्हते. शेजारी बसवेश फोनवर बोलत उभा. निर्मलानं आधी लेकीचे पाय हातात घेतले, अंगठ्यानं दाबून बघितले. दाबला तिथं खड्डा राहिला.

"कवा निघालीस घरातनं?"

"सकाळी, अव्वा. तू धार काढत असशील तेव्हा."

"आन् आत्ता पोचलीस?"

"केंगेरीपासून इथं यायला एवढं लागतंच. अडीच तास. कधी तीन. ट्रॅफिक."

निर्मला तशीच उकिडवी बसून राहिली. लेकीच्या घरापासून लेकीच्याच गावच्या विमानतळाला यायला, मुडशिंगीहून बंगळूरला यायला लागतो त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ. हे कुठल्या फोनात लिहिलं होतं? लिहिलंही असेल. बाळासोचं बोट तिथवर गेलं नव्हतं.

"अत्ते, तुम्ही बघता ना पुढचं?" बसवेश सासूला म्हणाला. "मीटिंग आहे. वेब चेक-इन केलंय, सगळं ओके आहे." तो बायकोच्या डोक्यावर हात ठेवून गेला. वाईट मुलगा नव्हता. घाईतला मुलगा होता. त्या दोन्हींत फरक असतो असं निर्मलाला तोवर वाटायचं.

तिनं ओटी भरली. साडी नेसवायला आडोसा नव्हता, म्हणून नुसती खांद्यावर पांघरली. खुर्चीचं तोंड पूर्वेला फिरेना, ती जमिनीत ठोकलेली होती, म्हणून सौंदर्यालाच जरा तिरकी बसवली. चाकाच्या बॅगा खडखडत जवळून जात होत्या. एक पहारेकरी येऊन म्हणाला, तांदूळ खाली सांडू नका, लोक घसरतात. निर्मलानं लेकीच्या पदरात मूठमूठ तांदूळ घातले, सांडलेला दाणा न् दाणा वेचला. सौंदर्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "रडू नगं," निर्मला म्हणाली. "घरी जाऊन नीट करू. देवापुढं. खोबरं घालून."

मग त्या आत गेल्या. काउंटरपलीकडच्या पोरीनं सौंदर्याकडं बघितलं, पोटाकडं बघितलं आणि कानडीत विचारलं, "कितवा महिना, अम्मा?"

दिवसभरात कुणी तरी मायेनं, तिच्या माहेरच्या कानडीत विचारलं होतं. निर्मलाला वाटलं, बरी जागा देत असेल. ती अभिमानानं म्हणाली, "ओंबत्तु." नववा.

पोरीचे हात थांबले. तिनं फाइल मागितली, आठवडे मोजले, डॉक्टरांचं पत्र मागितलं, जे नव्हतंच. वरच्या साहेबाला बोलावलं. साहेबानंही आठवडे मोजले. दोघंही आवाज न चढवता बोलत होते आणि त्याचाच निर्मलाला जास्त त्रास होत होता. इतके दिवस भरल्यावर आमच्या विमानात घेत नाहीत. वाटेत काही झालं तर? पत्र असतं तरी घेतलं नसतं. बुकिंग करताना सगळं लिहिलेलं असतं. आधी यायला हवं होतं, अम्मा, सातव्यात आणली असती तर काही अडलं नसतं.

सातव्यात. एका अनोळखी, टाय लावलेल्या माणसानं, बंगळूरच्या विमानतळावर, तिला सांगितलं की लेकीला सातव्यात न्यायला हवं होतं.

निर्मलानं सौंदर्याला धरून एका बाकावर आणलं, पाणी पाजलं आणि बाळासोला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. फोनमधून दुकानातलं यंत्र डबा गदागदा हलवत असल्याचं ऐकू येत होतं.

"असं हाय व्हय?" तो म्हणाला. "मग असं करा वैनी. जावईबापूस्नी बोलवा, सौंदर्याला घरी न्हेऊ द्या. तुमी या. तुमचं तिकीट कशाला वाया घालवताय? सांजच्याला म्हशी खोळंबत्याल. बाळंतपणाला परत जावा की. दीड तास तर हाय!"

त्या हॉलमध्ये त्या वेळी जे कुणी होते, त्यांनी मराठी येत नसतानाही माना वळवल्या.

"भावजी, अजून एकदा दीड तास म्हणालासा तर तुमच्या दुकानात यून डबं पालथं करीन!" निर्मला उभी राहिली होती. "कुणाला मोजलासा तुमी? इमानतळाच्या दोन डांबरी पट्ट्यास्नी मोजलासा. त्या पट्टीवर चूल मांडलीया व्हय माझ्या पोरीनं? का मी तिकडच्या पट्टीवर गोठा बांधलाय? ह्या पोरीचं पाय बघा येऊन. खड्डं पडाय लागल्यात. आन् तुमी तिकिटाचं सांगताय? बैठकीत हसलासा मला. चारचौघांत. हसा आता. हसा की!"

"वैनी, लोकं ऐकत असत्याल..."

"ऐकू देत! कानडी लोकं हायत, तुमचं नाव त्येंनाबी सांगते!"

तिनं फोन बंद केला आणि भरमाप्पाला लावला. त्याचा पहिला शब्द होता, "म्हशी?"

"म्हशीस्नी सांगा, दीड तासात येती म्हणून," निर्मला म्हणाली. "बाळंतपण झाल्याबिगर मी येत न्हाय. धारा तुमी काढायच्या. न्हाय दिलं दूध तर न्हाय दिलं. एकदा म्हशीपायी बसलो घरात. आता न्हाय."

पलीकडं भरमाप्पाला ती खोली आठवली असावी. "बरं," तो एवढंच म्हणाला.

दुपारचं विमान दोघींच्या रिकाम्या जागा घेऊन उडालं. त्या दोघी टॅक्सीत बसल्या, आणि मग निर्मलानं ते अंतर पहिल्यांदा पाहिलं. पूल, पुलाखाली पूल, लाल दिवे, पुन्हा लाल दिवे. सौंदर्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. प्रत्येक खड्ड्याला निर्मला तिच्या पोटावर हात ठेवायची, आणि प्रत्येक खड्ड्याला एकेक नाव घ्यायची. नवऱ्याचं, दिराचं, जावयाचं. मध्येच एकदा स्वतःचंही घेतलं.

केंगेरीच्या तिसऱ्या मजल्यावर विहीणबाई वॉकर धरून दारात उभ्या होत्या. "घेतलं नाही का?" त्या म्हणाल्या. "बघा, देवाच्याच मनात होतं बाळ इथं व्हावं."

"देवाच्या मनात न्हवतं इनबाई. तुमच्या गुडघ्यात होतं."

विहीणबाईंनी वॉकर मागं सरकवून वाट दिली. एवढं स्पष्ट त्यांच्याशी बंगळूरला कुणी बोलत नसावं. निर्मला चपला काढून आत गेली. लेकीच्या सासरी आईनं मुक्काम टाकायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं. विहीणबाईंनाही ठाऊक होतं. निर्मलानं स्वयंपाकघरातले डबे एकेक करून उघडून बघितले आणि संध्याकाळी भाकरी थापली.

पुढचे दिवस काही गोड गेले नाहीत. दोन बायका, एक ओटा. विहीणबाईंना आमटी गुळाची हवी, निर्मलाचा हात तिखटाचा. विहीणबाई म्हणायच्या, आमच्याकडं सौंदर्याला कामाचा त्रास नव्हता. निर्मला सौंदर्याचे पाय उशीवर ठेवून शेकत म्हणायची, ते पायच सांगत्यात. बसवेश घरी आला की चोरासारखा खोलीत जायचा. एकदा त्यानं धीर करून म्हटलं, "अत्ते, माझं चुकलं. मी नियम वाचले नाहीत."

"नियम जाऊ दे," निर्मला म्हणाली. "बायकोच्या पायाकडं तरी बघायचं. त्याला इंग्रजी लागत न्हाय."

गावाकडून अंबूबाईचा फोन यायचा. पहिले दोन दिवस म्हशींनी थेंब दिला नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर अंबूबाईला हसू आवरेना. "तुझा दाल्ला तुझं लुगडं पांघरून बसला गं धारेला! डोक्यावरनं पदर घेतलाय, मिशा दिसत्यात! म्हशीनं आधी हुंगलं, मग सोडला पान्हा. गल्ली गोळा झालीया बघायला!" निर्मला हसली, हसता हसता ओट्याला टेकली. मग तिनं फोन ठेवला. इतकी वर्षं एका लुगड्यावर भागत होतं तर, ती मनात म्हणाली. पूर्णिमाची वास्तुशांत तिला आठवली, आणि ज्या वर्षी तिची आई आजारी होती ते वर्ष.

सौंदर्या दिवसा बाळंत झाली, जवळच्याच दवाखान्यात. कळा सुरू झाल्यापासून निर्मलानं तिचा हात सोडला नाही. आत न्यायची वेळ आली तेव्हा नर्सनं सोडवला. मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली. निर्मलानं तिला हातात घेतलं, दुसरा दिवस उजाडेपर्यंत पाळण्यापासून हलली नाही, आणि तो दिवस मावळल्यावरच जेवली. का, ते कुणी विचारलं नाही. सौंदर्यालाही ते माहीत नव्हतं.

बाराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. धार आणि लुगडं अंबूबाईवर सोपवून भरमाप्पा आणि बाळासो सकाळच्या विमानानं येणार होते, घुगऱ्यांच्या वेळेला. विमानाला उशीर झाला. मग हवामान खराब म्हणून आणखी उशीर. उतरले तेव्हा पुलावर गर्दी. पाळणा झाला, बायका जेवून गेल्या आणि घराघरांत दिवे लागल्यावर हे दोघं जिना चढून आले. बाळासोच्या पांढऱ्या शर्टाची पार रया गेली होती. भरमाप्पानं बूट हातात घेतले होते.

निर्मलानं पाणी दिलं. बाळासोनं तांब्या एका दमात रिकामा केला, भिंतीला टेकला आणि म्हणाला, "वैनी, लांबच हाय की हो हे."

"मला काय सांगताय?"

"न्हाय, म्हणजे... पहाटं निघालोय आमी."

"मला नगा सांगू. मला पहिल्या दिवसापास्नं ठावं हुतं. आत बसलीया ती. तिला सांगा."

"तिला काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलासा तेच. त्याच तोंडानं."

बाळासोनं भावाकडं बघितलं. भरमाप्पा वरच्या पंख्याकडं बघत होता. विषय बदलावा म्हणून बाळासो म्हणाला, "बरं, आता परतीचं काय? बाळाला घेतात म्हणं इमानात. मी चौकशी..."

"बाळंतीण सव्वा महिन्यानं येणार. गाडीनं. हुबळीला पूर्णिमाच्या घरी मुक्काम करून, तिथं पोरीचं अंग शेकून, मग पुढं. दोन दिवस लागू देत, न्हायतर चार. मी ठरीवलंय. तुमी आत जावा."

तो गेला. सौंदर्या भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ. बाळासोनं खिशातून कागदाची पुडी काढली. हुपरीचे चांदीचे वाळे होते, नाजूक, घुंगरू लावलेले. त्यानं ते तिच्यापुढं ठेवले, इकडं-तिकडं बघितलं, बाळाच्या गालाला बोट लावलं. बाहेर जायला वळला, तर दारात निर्मला उभी होती. ती हलली नाही.

तो पुन्हा वळला. "लांब दिलं गं बाळा तुला," तो म्हणाला. अगदी हळू. "मी म्हणालतो जवळ हाय. न्हाय जवळ."

अशा वेळी पोरी "असू दे काका" म्हणतात. निर्मलानंच तिला तसं शिकवलं होतं, लहानपणापासून. दारात उभं राहून ती ते शब्द यायची वाट बघत होती आणि ते आले की रागवायची तयारीही करत होती. सौंदर्या तसं म्हणाली नाही. तिनं वाळे उचलले, एक बाळाच्या पायात घालून बघितला. तो घसरून चादरीवर पडला. मग तिनं दोन्ही वाळे कागदात गुंडाळले आणि काकांच्या हातात परत दिले.

"मोठे होतात," ती म्हणाली. "लहान करून आणा. कुणाबरोबर पाठवू नका. स्वतः घेऊन या."